आई हरवल्याची घोषणा

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

या बाईपुढे हात टेकले. या बाई म्हणजे माझी आई. वय वर्षं त्र्याहत्तर, गुडघे दोन, दोन्ही निकामी, आणि राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या महिन्यात भाजीची पिशवी घेऊन वर चढताना दुसऱ्या मजल्यावर गुडघा धरला आणि बाईसाहेब चाळीस मिनिटं पायरीवर बसून राहिल्या. शेजारच्या शिकवणीवाल्या बाई घरी आल्या म्हणून उठवलं तरी. फोन पिशवीतच होता. मला का केला नाहीस, असं विचारलं तर म्हणे, बसायला जागा बरी होती.

तेव्हाच ठरलं की मार्च संपायच्या आत तिने ते घर सोडायचं. कुठे जायचं, एवढाच प्रश्न. एक तर माझ्याकडे. तळमजला, बसथांबा पाच मिनिटांवर, आणि पोरगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून त्याची खोली रिकामी. नाहीतर धाकट्या भावाकडे. तीन तासांवरचं गाव, लिफ्ट आहे, पण नवरा-बायको दोघं सातपर्यंत कामावर, आणि घरात आठ वर्षांची पोरगी, जिला आम्ही सगळे प्रश्नपत्रिका म्हणतो, कारण ती उत्तरं घेत नाही, फक्त प्रश्न काढते. यात विचार करण्यासारखं काय आहे? पण आईचा विचार महिनाभर चालू होता.

आज फोन आला की ठरलंय. मग सांग ना. तर नाही, फोनवर नाही. रविवारी, एक मार्चला, आपण सगळ्यांनी मिळून गरम झऱ्यांच्या उद्यानात जायचं, तिथलं संग्रहालय बघायचं, आणि तिथे ती सांगणार. ‘मी माझ्या लेकीकडे जाते’ एवढी चार शब्दांची गोष्ट सांगायला जमिनीतली वाफ कशाला लागते, हे मला कोणी समजावून सांगावं.

त्या उद्यानात ती एकतीस वर्षं धोबीखान्यात कामाला होती. जमिनीतून आपोआप येणाऱ्या वाफेवर इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायच्या. ते बंद पडलं, तिथे आता संग्रहालय झालंय. ऑक्टोबरपासून गुडघे शेकायला म्हणून तिथल्या गरम कुंडात जाते, आठवड्यातून तीनदा, बसने. तरी हिची हौस फिटलेली नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

रंगाऱ्याने रडवलं. मी फिका पिवळा सांगितला होता. त्याने दिला तो पिवळा पाहून कावीळ झाल्यासारखं वाटतं. परत करायला लावला. पोराची खोली पोराची वाटता कामा नये, आईची वाटली पाहिजे. पोस्टर्स काढली, त्यांच्या मागे भिंत पांढरी राहिली होती चौकोन चौकोन.

आज लॅबमध्येही वैताग. एक आजोबा कवळी घेऊन चौथ्यांदा आले. मी पंचवीस वर्षं कवळ्या बनवतेय, मला तोंड बघून कळतं. बसली नाही की माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि जिन्यात काढून खिशात घालतो. या आजोबांनी तीनदा तसंच केलं. आज त्यांना दटावलं, दुखतं तर दुखतं म्हणा ना, मला स्वप्न पडणार आहे का.

संध्याकाळी आईकडे डोकावले. नुकतीच उद्यानातून आलेली. अंगाला साबणाचा वास, आणि हात बघितले तर बोटांची टोकं सुरकुतलेली, तळवे लालबुंद. गुडघे शेकायला जातेस की हात? तर म्हणे, हात पण घालावे लागतात पाण्यात. मी त्या कुंडवाल्यांकडे तक्रार करणार आहे. म्हाताऱ्या माणसाला किती वेळ पाण्यात बसवायचं याला काही धरबंध?

रविवार, १५ फेब्रुवारी

पोराचा फोन. पाच मिनिटं. मी घड्याळ लावत नाही, पण स्क्रीनवर दिसतं. जेवतोस का, जेवतो. झोपतोस का, झोपतो. मग मागे कोणीतरी हाक मारली आणि संपलं.

नंतर धाकट्याला लावला. मी पूर्ण तयारीत होते. तुझ्याकडे आई दिवसभर एकटी पडेल, तिला तिथे कोणी ओळखत नाही, असे सगळे मुद्दे कागदावर काढून ठेवले होते. पण तो भांडलाच नाही. म्हणाला, “ताई, आईला ठरवू दे ना. तिचं तिला कळतं.” महिन्यापूर्वी हाच माणूस मला लिफ्टचं गुणगान ऐकवत होता. पलंग घ्यायचा ठरवला होता, तो घेतलास का विचारलं, तर नाही घेतला. म्हणजे शस्त्रं खाली ठेवली. भावजयीने समजावलं असणार, ती शहाणी आहे.

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. भांडायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून कपाट आवरलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. जमिनीवर न घसरणारी चटई. पलंग तीन इंच उंच करून घेतला, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येणार नाही. उशाशी घंटी, म्हणजे रात्री मला हाक मारायला ओरडावं लागणार नाही. दुपारी आईला दाखवायला आणलं.

तिने सगळं नीट बघितलं. दांडा हलवून बघितला, घंटी एकदा वाजवली. मग म्हणाली, “छान आहे.” मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पाणी प्यायला उठत होती, तिला बसवून मी आणून दिलं. सफरचंद सालं काढून बारीक कापून दिलं. बशी उचलून ठेवायला निघाली, ती काढून घेतली. म्हटलं, आता तू काही करायचं नाहीस, खूप केलंस. ती हात मांडीवर ठेवून बसली. थोड्या वेळाने विचारलं की इथली फरशी हिवाळ्यात फार गार पडते का. म्हटलं, पडली तर पडली, सपाता आणू. विचित्रच प्रश्न. बहुतेक आता हिला कुठल्याही घरात काही ना काही खोड काढायचीच आहे.

रविवार, १ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझ्याच डोक्यात त्याचा गुंता होईल.

सकाळी नऊला धाकटा, भावजय आणि प्रश्नपत्रिका गाडी घेऊन आले. आईला घेतलं. तिने निळा स्वेटर घातला होता, केस घट्ट बांधलेले, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे विचारलं, तर लागेल ते. गाडीत प्रश्नपत्रिकेने जमिनीखाली पाणी कोण तापवतं हा विषय काढला. धाकट्याने पृथ्वीच्या पोटात खडक तापलेले असतात इथून सुरुवात केली आणि दहा मिनिटांत पोरीने त्याला निरुत्तर केलं. आई मात्र खिडकीतून बघत गालातल्या गालात हसत होती.

फाटकावर पहिला तमाशा. तिकीटवाली बाई आईला बघून म्हणाली, या या, आणि सरळ आत सोडलं. मी म्हटलं, अहो, ज्येष्ठांचं तिकीट द्या, आम्हाला फुकट नको. ती म्हणाली, यांना नाही लागत. का नाही लागत? ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, कुंडाचा पास आहे माझा, चल. मागे रांग लागली होती, लोक कुरकुरायला लागले, तरी मी तिकीट घेतलंच. नियम म्हणजे नियम.

उद्यान आहे बघण्यासारखं, नाही असं नाही. लाकडी पुलावरून चालायचं, दोन्ही बाजूंना राखाडी चिखल रटरटतोय, मधूनच फुस्स करून वाफ. वास मात्र सडक्या अंड्याचा. मी आईचा दंड धरून चालत होते. तिने दोनदा सोडवून घेतला, मी दोनदा पुन्हा धरला. तिथला एक माळी काठी घेऊन आला होता, त्याने आईला मान लवून नमस्कार केला आणि विचारलं, “आज पाहुणे?” आईने हो म्हटलं. सगळे आपले तिच्या ओळखीचे. अर्थात, पाच महिने कुंडात येते म्हटल्यावर असणारच.

मग संग्रहालय. पहिल्या खोलीत पहिल्या विहिरीची प्रतिकृती, पितळी मापकं, जुने फोटो. दुसऱ्या खोलीत गावातल्या जुन्या घरातली भांडी, पाळणे, शिवणयंत्र. आणि तिथेच दारावर पाटी: दुपारी बारा वाजता धोबीखान्यात वाफेच्या धुलाईचं प्रात्यक्षिक, अनुभवी कामगारांकडून.

जिथे एकतीस वर्षं हिने घाम गाळला तिथे आता कोणीतरी भाडोत्री बाई नाटक करणार आणि ही कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघणार? रडली असती ती. मी धाकट्याला बाजूला घेतलं, म्हटलं, पावणेबाराला सगळ्यांना उपाहारगृहात न्यायचं, हे प्रात्यक्षिक हिच्या दृष्टीस पडता कामा नये. तो काहीतरी बोलणार होता. “ताई, ऐक ना,” एवढं म्हणाला आणि भावजयीने त्याच्याकडे बघितलं, तसा गप्प बसला. मला वाटलं, पटलं.

साडेअकराला आई म्हणाली, मी जरा जाऊन येते. म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाली, एवढं तरी मला एकटीला करू दे. पावणेबारा झाले, बारा झाले, आईचा पत्ता नाही. प्रश्नपत्रिकाही गायब. स्वच्छतागृहात बघितलं, नाही. कुंडावर बघितलं, नाही. कुंडावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, त्या बाई कुंडात कधी उतरतच नाहीत. मला वाटलं, हा दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. माझ्या डोळ्यांसमोर तो रटरटणारा चिखल आणि कमरेएवढा कठडा. धाकटा म्हणत होता, ताई, शांत हो, असेल इथेच. तुझीही मुलगी हरवलीय, म्हटलं, आणि तू मला शांत हो म्हणतोस?

चौकशीच्या खिडकीवर गेले. तिथला मुलगा वर्णन विचारून लिहून घेत होता, अगदी सावकाश, सुलेखन केल्यासारखं. निळा स्वेटर, पांढरे केस, वय त्र्याहत्तर, गुडघ्याने अधू. मी पुढे घातलं, थोड्या विसराळू आहेत. आई विसराळू नाही. तिला माझ्या पहिलीतल्या वर्गशिक्षिकेची मुलगी कुठे दिली तेही आठवतं. पण तसं काही सांगितल्याशिवाय कोणी हलत नाही, म्हणून सांगितलं. लगेच भोंग्यावर घोषणा झाली. सगळ्या उद्यानात, चिखलापासून फाटकापर्यंत, दोनदा.

आणि मग धोबीखान्यातून हसण्याचा मोठा आवाज आला.

आत गेले. शाळेची चाळीसेक पोरं जमिनीवर बसलेली, पहिल्या रांगेत आमची प्रश्नपत्रिका. समोर जुन्या वाफेच्या पेटाऱ्यापाशी पांढरा एप्रन बांधून, बाह्या दुमडून, माझी आई. ओल्या चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन टोकं दुसऱ्या एका बाईच्या हातात. आधी कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणायची, मग झटका द्यायचा. झटक्याचा फाट् असा आवाज आला नाही, तर चादर अजून इस्त्रीला तयार नाही, असं ती पोरांना सांगत होती. खणखणीत आवाजात. हा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. तिने मला बघितलं. थांबली नाही. चादर घडी केली, पेटाऱ्याची झडप उघडली, वाफ सोडली, पोरांच्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि वीस मिनिटांनी, सगळं संपल्यावर, एप्रन सोडून पिशवीत ठेवला.

प्रश्नपत्रिकेने नंतर सांगितलं, घोषणा झाली तेव्हा आजी क्षणभर थांबली आणि पोरांना म्हणाली, या बाई सापडल्या तर मला सांगा, मलाही बघायच्यात. त्यावर पोरं हसली. आजी नाही हसली, असंही तिनेच सांगितलं. न विचारता.

बाहेर बाकावर बसून आईने सांगितलं. ऑक्टोबरपासून ती इथे कामाला आहे. मंगळवारी, गुरुवारी, रविवारी. पंधरा मार्चपासून मंगळवार सोडून रोज. उद्यानाच्या मागे कामगारांच्या बैठ्या खोल्या आहेत, त्यातली एक तिला मिळाली आहे. एकही पायरी नाही, आणि फरशीखालून गरम पाणी जातं. नातेवाईक म्हणून अर्जावर सही लागत होती, ती धाकट्याने केली आहे. तीन आठवड्यांपूर्वी.

मी धाकट्याकडे बघितलं. तो चिखलाकडे बघत होता.

मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. खोली रंगवली, दांडा बसवला, सगळ्या जगाला सांगितलं, माझं हसं केलंस, त्र्याहत्तराव्या वर्षी नोकरी करणारी आई बघून लोक मला काय म्हणतील, हे सगळं बोलले. आईने ऐकून घेतलं. म्हणाली, “तुझ्याकडे आले की मला पाणीसुद्धा उठून पिता येत नाही. अजून मला उठता येतंय.”

म्हटलं, माझी काळजी तुला दिसत नाही का? त्यावर ती म्हणाली,

“तुला माझी काळजी आहे, ती दिसते. पण तुला घरात कोणीतरी हवंय. ते वेगळं आहे. ते तू बोलत नाहीस.”

मी बसने एकटी परत आले.

सोमवार, २ मार्च

काही तरी काय. मला कोणी नकोय.

गुरुवार, ५ मार्च

आजोबा पाचव्यांदा आले. कवळी बसली. म्हणाले, आता चावता येतं, धन्यवाद. मी त्यांच्यावर खेकसले की इतके दिवस कुठे गेली होती ही वाचा. डॉक्टरांनी मला आत बोलावून बरं नाही का विचारलं. म्हटलं, घरात थोडी गडबड आहे. घरात काही गडबड नाही. घरात काही म्हणजे काहीच नाही. फ्रिज चालू-बंद होतो, त्याचा आवाज येतो.

धाकट्याचे सात फोन. घेतले नाहीत. आईचा एकही नाही.

सारखं डोक्यात येतं ते खोलीचं नाही, नोकरीचंही नाही. येतं ते विसराळू. तिच्या सगळ्या ओळखीच्या माणसांसमोर, भोंग्यावर, दोनदा. मला कोणी लॅबमध्ये असं म्हटलं असतं तर मी कवळी फेकून मारली असती.

रविवार, ८ मार्च

पोराचा फोन, चार मिनिटं. आजीचं ऐकून तो खूश झाला, म्हणाला, “भारीच आहे ती.” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, तू कशी आहेस. म्हटलं, छान.

फोन ठेवल्यावर वाटलं, छान काय, कपाळ.

आईला फोन केला आणि विसराळूबद्दल माफी मागितली. सरळ शब्दांत, मध्ये काही न घालता. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, पुढच्या शनिवारी सामान हलवायचंय, येशील का. येते म्हटलं.

शनिवार, १४ मार्च

दिवसभर खोकी. धाकट्याने कपाट उतरवताना जिन्याला खरवडलं, भावजय त्याला ओरडली, प्रश्नपत्रिका प्रत्येक खोक्यात काय आहे आणि का आहे ते विचारत होती. मी धाकट्याशी तीन तास फक्त ‘धर’ आणि ‘सोड’ एवढंच बोलले. शेवटी गॅसची शेगडी दोघांनी उचलली तेव्हा तो म्हणाला, चुकलो, तुला सांगायला हवं होतं. म्हटलं, हो, हवं होतं, आता माझ्या पायावर नको टाकू.

खोली छोटी आहे, पण खरंच बरी आहे. खिडकीतून वाफ दिसते. फरशी कोमट. मी सपाता काढून उभी राहिले आणि पाय उचलावेसे वाटेनात. आईने चहा केला. मी उठले नाही. ती उठली, कप आणले, साखर विचारली, कप विसळून ठेवले, आणि हे सगळं मी बसून बघितलं. किती वेळ लावते ती, जीव नुसता वर-खाली होत होता.

चारला धाकटा निघाला, लांबचा रस्ता. माझी बस पाचची होती. पावणेपाच झाले, आईने घड्याळाकडे बघितलं. मी पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

म्हटलं, “आई, मला घर खायला उठतं गं.”

बास, एवढंच. पन्नाशीच्या बाईने आईच्या खोलीत हुंदके देऊन रडायचं म्हणजे काय. आई माझ्या बाजूला येऊन बसली, गुडघे धरत, सावकाश. पाठीवर हात ठेवला. तो अजून लालच होता कामाने.

मी विचारलं, हे आधी सांगितलं असतं तर आली असतीस का माझ्याकडे?

“नसते आले,” ती म्हणाली. “पण एवढं लपवूनही ठेवलं नसतं.”

मग म्हणाली, मंगळवारी मला सुट्टी. सोमवारी संध्याकाळच्या बसने तुझ्याकडे येईन, बुधवारी सकाळी परत. दर आठवड्याला. मी म्हटलं, मी येते ना न्यायला. ती म्हणाली, बस येते. मी म्हटलं, बरं.

पाचची बस चुकली, सहाची मिळाली. घरी येऊन कुलूप उघडलं, दिवे लावले, पोराच्या खोलीत, म्हणजे आईच्या खोलीत, म्हणजे त्या खोलीत जाऊन पलंगाखालचे ठोकळे काढून टाकले, तिचं तिला उठता येतं. आज शनिवार. सोमवारच्या आधी हा रविवार कशाला घालून ठेवलाय, कोण जाणे.